भज्जीवर आलेला आळ

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. वेलांटी कुठं पहिली, कुठं दुसरी, हे तेव्हाही नीट कळत नव्हतं. ही वही कुणी वाचणार नाही, ती पिठाच्या कोठीमागंच राहणार आहे. तरी पहिल्याच ओळीला मी माफी मागून मोकळी झाले. अशीच मागत आले आयुष्यभर. जिथं माझी चूक नव्हती तिथंही मागितली, आणि त्याच एका माफीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ती कशी मागितली ते लिहून काढायचं म्हणून बसले आहे. तोंडानं बोलायला गेले की माझा आवाज घशातच राहतो.

आम्ही जळकोटला राहतो. आमची पिठाची गिरणी आहे. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली, ते कळलं चाळिशी उलटल्यावर. नांदेडला ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. गिरणी बंद असली आणि जवळ बसलं की तिची टिकटिक ऐकू येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी घाबरले, आता ती ऐकू आली नाही तर घाबरते.

झडप धातूची म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गाठ बसते, ती सुटून डोक्यात गेली तर माणूस लुळा पडतो. रक्त जास्तच पातळ झालं तर आतल्या आत वाहतं. दर महिन्याला रक्त तपासून एक आकडा काढतात. आमच्या मालकांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे पाहिजे. शाळेत मी पॉइंटची गणितं कधी केली नव्हती, ती ह्या आकड्यासाठी शिकले. गोळी रोज संध्याकाळी सहाला. गिऱ्हाईक दारात असलं तरी मी दळण थांबवून गोळी आणि पाणी हातात द्यायची. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढं ते उपयोगी पडणार आहे म्हणून सांगते.

महिन्याच्या तपासणीला आम्ही लातूरला जायचो, कारण माझी नणंद तिथं दिलेली आहे. मी तिला वन्स म्हणते. तिचे मालक शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. आमच्याकडं नणंदेच्या नवऱ्यासमोर बायका पदर सावरून उभ्या राहतात, तोंडाला तोंड देत नाहीत. मी तर मुळातच अबोल. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मी गुरुजींशी सरळ असं एक वाक्य बोलले नव्हते. जेवायला वाढताना सुद्धा मालकांकडं बघून म्हणायची, "अजून एक भाकर घ्या म्हणावं."

गुरुजी निवृत्त झाले आणि एका कंपनीच्या पावडरी विकायला लागले. पेन्शन चांगली आहे, मुलं कमावती आहेत, पण माणसाला समोर वर्ग लागतो. रविवारी लातूरला हॉल घेऊन ते मीटिंगा घेतात. कोट घालतात, फळ्यावर हृदयाचं चित्र काढतात. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण आजवर जगलो कसे.

ती पावडर आमच्या घरात आली येळवशीला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात, सगळं रानात. आमचा एकरभर तुकडा आहे, वाट्यानं दिलेला, आम्ही तिथं जातो. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे खायचे. भज्जी एकट्या घराची होत नाही. तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणा, ओला हरभरा, मेथी, पालक, चुका, लसणाची पात, चिंच, वरून डाळीचं पीठ. मी ती मोठ्या पातेल्यात करते, आदल्या दिवशी निवडायला बसावं लागतं. मला बोलता येत नाही, पण माझी भज्जी चार रानांतली माणसं मागून नेतात.

त्या वर्षी वन्स आणि गुरुजी लातूरहून आले. जेवणं झाली, माणसं खोपीच्या सावलीत आडवी झाली. गुरुजींनी गाडीतून काळी बॅग आणली आणि तिच्यातून हिरवा डबा काढला.

"मेव्हणं, उठा जरा. हे बगा," गुरुजी म्हणाले. "पन्नासावर हिरव्या पाल्यांचा अर्क हाय ह्यात. गव्हांकुर, शेवग्याचा पाला, समुद्रातलं शेवाळ. तुमच्या त्या इंग्रजी गोळीनं रक्त नुसतं पातळ होतंय. ह्यानं शुद्ध होतंय."

शेजारच्या रानातले एक म्हातारे तिथं बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, ह्यानं केसं बी येत्यात का?"

"हाव, येत्यात की."

"मग आधी सोताच्या डोक्यावर पेरून बगा की वो."

सगळे हसले. गुरुजीही टकलावरून हात फिरवत हसले. अशा माणसावर रागावायचं तरी कसं, असं तेव्हा वाटलं होतं.

मालक म्हणाले, "डॉक्टरला इचारून घ्यावं का एकदा?"

"इचारा की! पण ते काय म्हणतील ते मी आत्ताच सांगतो. तुम्ही बरे झालाव तर त्यांचं दुकान कसं चालंल? ह्या गोष्टी त्यांच्या कानावर घालायच्याच नस्त्यात. आन् मी काय परका हाय का? तीन महिन्यांत फरक न्हाई पडला तर पैसे परत. ह्या पांडवांसमोर बोलायलोय."

तीन महिन्यांचे डबे आठ हजार चारशेला होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं. पैसे माझ्याकडं होते. उन्हाळ्यात गिरणीत शेवयांचं मशीन मी चालवते, त्याचे साठवलेले नऊ हजार होते. वर्षाला एकदा हृदयाची सोनोग्राफी करावी लागते, त्यासाठी ठेवलेले. माझ्या मनात आलं की नाही म्हणावं. तेवढ्यात वन्स म्हणाली, "वैनी काय न्हाई म्हणतील का? नवऱ्याच्या जिवापेक्षा पैसा मोठा हाय का?" मी मान हलवली. घरी आल्यावर नोटा काढून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, पाण्यात कालवून. चुरडलेल्या गवताचा वास यायचा. मालक नाक दाबून प्यायचे. गुरुजींचा फोन यायचा, "चालू हाय न्हवं? खंड पाडू नका." खंड पाडला नाही. मी गोळी चुकवत नाही तशी पावडरही चुकवली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी लातूरला तपासणी झाली. आकडा आला एक पॉइंट चार. इतका खाली कधी आला नव्हता. डॉक्टर तरुण होते, बाहेर माणसांची रांग होती. त्यांनी मला विचारलं, "गोळी चुकली का?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग विचारलं, "खाण्यात वेगळं काही आलं? नवीन काही सुरू केलं?"

 मालकांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी आमच्यासोबत आत आले होते, कारण शिकलेला माणूस बरोबर असला की डॉक्टर नीट बोलतात असं घरात ठरलेलं होतं. गुरुजी म्हणाले, "सर, येळवस झाली ना परवा. भज्जी. आमच्या वैनी भज्जी लई घालतात खाऊ."

डॉक्टर हसले. "मग बरोबर. भज्जीच ती. नुसता हिरवा पाला. काकू, पालेभाजी जरा कमी द्या बरं का." आणि त्यांनी गोळी वाढवली.

त्या खोलीत पावडर माहीत असलेली आम्ही तीन माणसं होतो. विकणारा बोलला, पिणारा गप्प राहिला आणि कालवून देणारी मी पदर धरून उभी होते. माझ्या मनात खरंच आलं होतं की डब्यावर पण हिरवा पालाच लिहिला आहे. भज्जी तर दोन दिवसांत संपली, हे रोज दोन वेळा चाललंय. एवढं साधं मला कळत होतं. चौथी शिकलेल्या बाईला कळलं ते निवृत्त शिक्षकाला कळलं नसेल? त्यांना कळलं होतं. म्हणून तर डॉक्टरांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं.

त्या दुपारी लातूरला जेवताना वन्सनं सुरू केलं. "वैनी, तुमच्या हाताला चव हाय, मान्य हाय. पण त्या चवीपायी माझा भाऊ जायचा हो एखाद्या दिवशी. डॉक्टरनं पालेभाजी बंद सांगितली, तुम्ही ऐकलंव न्हवं?"

डॉक्टर कमी म्हणाले होते. वन्सनं बंद केली. मी ते सुद्धा बोलले नाही. मी काय म्हणाले ते इथं लिहिते. मी म्हणाले, "चुकलं वन्स. माफ करा." गुरुजी समोर बसून ताक पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही की मान वर केली नाही.

ही ती माफी.

जळकोटला ही गोष्ट आमच्याआधी पोचली. गिरणीवर येणाऱ्या बायका पायलीभर ज्वारी तराजूत टाकता टाकता म्हणायच्या, "भज्जीनं आकडा खाली आला म्हणं मालकांचा?" कुणी म्हणायची, "बाई, जरा जपून वाढत जा." हिवाळा होता, मेथीच्या जुड्या रस्त्यावर ढिगानं पडल्या होत्या आणि मी मालकांना वरण आणि भाकर, वरण आणि भाकर वाढत होते. कोथिंबिरीची काडी सुद्धा आमटीत टाकली नाही. आणि सकाळ-संध्याकाळ तोच हिरवा पाला चमच्यानं पाण्यात कालवत होते.  तो चमचा तेव्हाच खाली का ठेवला नाही मी?

पुढच्या महिन्यात आकडा एक पॉइंट आठ. गोळी पुन्हा वाढली. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन पॉइंट सहा आला, डॉक्टर म्हणाले, आता ठीक. गुरुजींनी मालकांच्या पाठीवर थाप मारली. "बगा, पावडरीचा गुण. लागायला टाइम लागतोय." आकडा खाली आला तेव्हा भज्जी, वर आला तेव्हा पावडर.

तीन महिने झाले. डबे संपले. गुरुजी नवे घेऊन आले, पण माझ्याकडं सहाशे रुपये उरले होते. मालक म्हणाले, शेवया सुरू झाल्या की बघू. गुरुजींचं तोंड उतरलं, डबे परत गेले. मला मनातून बरं वाटलं. रिकाम्या डब्यांतला एक डबा मी घासून उन्हात ठेवला आणि त्यात साखर भरली. डबा चांगला होता, झाकण घट्ट.

पावडर थांबली. गोळी मात्र वाढवलेली तशीच चालू राहिली. त्याचा अर्थ काय होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पावडरच सांगितली नव्हती तर सांगणार तरी कोण?

आठ-दहा दिवसांत मालकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग मांडीवर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग, कुठं आपटलेले नसताना. मग एका सकाळी संडासला डांबरासारखं काळं झालं. त्या दिवशी दुपारी पोतं उचलायला वाकले आणि तिथंच बसले. तोंड पिठासारखं पांढरं. मी शेजारच्यांची जीप करून त्यांना नांदेडला नेलं, जिथं ऑपरेशन झालं होतं तिथं. माझी लेक अर्धापूरला दिली आहे. जावई तिथून थेट दवाखान्यात आले. जीपमधे मी मालकांच्या छातीला कान लावून बसले होते. रस्ता एवढा खराब की टिकटिक ऐकू येत नव्हती.

आकडा आठच्या वर गेला होता. आतून रक्त वाहत होतं. तिथले डॉक्टर मोठे, वयानं आणि आवाजानं पण. त्यांनी गोळीची पाकिटं बघितली आणि माझ्याकडं वळले.

"गोळ्या कोण देतं?"

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"किती दिल्या? डबल दिल्या का? दिवसातून दोनदा दिल्या?"

मी मान हलवली. नाही. ते जावयांना म्हणाले, "घरात कुणी शिकलेलं नाही का? ही गोळी अशा माणसाच्या हातात देतात का?" लातूरच्या डॉक्टरांच्या कागदावर जेवढी लिहिली होती तेवढीच मी देत होते. कागद माझ्या पिशवीत होता. मी तो काढून दिला, त्यांनी वाचला, तरी चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. जावई मान खाली घालून उभे राहिले. वन्सचा फोन आला. जावयांनी तो स्पीकरवर ठेवला. "वैनी, गोळ्या मोजायला तरी यायला पायजेत न्हवं का?"

दोन वर्षांत एक गोळी न चुकवलेली बाई मी. आधी माझी भज्जी झाली, आता माझी मोजणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि वन्स आले, शहाळं आणि बिस्किटं घेऊन. मालकांना रक्त चढवणं चालू होतं, ते डोळे उघडत होते. त्या दवाखान्यात औषधांचं बघणाऱ्या एक बाई होत्या. डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हत्या. प्रत्येक रोग्याजवळ जाऊन घरी काय काय घेता ते लिहून घ्यायच्या. त्या आमच्या खाटेजवळ आल्या आणि म्हणाल्या, "गोळ्यांशिवाय काही? काढा, चूर्ण, लसणाच्या गोळ्या, ताकदीची पावडर, दुकानातलं, घरातलं, कुणी प्रेमानं दिलेलं?"

मालकांनी गुरुजींकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

बाईंची नजर खाटेशेजारच्या टेबलावर गेली. मी घाईत घरून चहाची साखर त्याच हिरव्या डब्यात आणली होती. त्यांनी डबा हातात घेतला, मागची बारीक अक्षरं वाचली. "हे कोण घेतं?"

"ते व्हय?" गुरुजी हसले. "साखरंचा डबा हाय तो. उघडून बगा."

बाईंनी उघडला. साखर होती. त्यांनी झाकण लावलं आणि डबा खाली ठेवायला लागल्या. गुरुजी म्हणाले, "एक-दोनदा चव बघितली आसंल पावण्यांनी, मला काय आठवत न्हाई."

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. माणूस समोर पांढरा पडून होता, त्याच्या हातात दुसऱ्याचं रक्त जात होतं आणि हा माणूस म्हणत होता, आठवत न्हाई. मी बोलले. पदर डोक्यावरून सरकला होता, तो सावरला पण नाही.

"रोज दोन टाइम," मी म्हणाले. "येळवशीपासून. सकाळी एक चमचा, सांजच्याला एक चमचा. तीन महिने. मी सोता कालवून दिलंय. तेरा दिवसांपूर्वी संपलं. ह्या गुरुजींनीच इकलं आन् त्यांनीच सांगितलं, डॉक्टरला बोलू नका म्हणून."

"वैनी!" वन्स ओरडली.

"आन् लातूरला डॉक्टरनं इचारलं तवा गुरुजींनी भज्जीचं नाव सांगितलं. भज्जी दोन दिवस खाल्ली होती."

वॉर्डातली माणसं बघायला लागली. गुरुजी म्हणाले, "आशिक्षित बाईचं काय ऐकायलाव." बाईंनी त्यांच्याकडं बघितलं सुद्धा नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, तारखा विचारल्या. कुठल्या महिन्यात किती गोळी, कुठला आकडा. मी सगळं तोंडपाठ सांगितलं. त्या लिहीत गेल्या आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "काकू, तुमच्याइतकं नीट कुणी सांगत नाही हो."

मग त्यांनीच डॉक्टरांना बोलावलं आणि मला समजावून सांगितलं. हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असतं, ते ह्या गोळीच्या उलटं काम करतं. भाजीत असतं ते बेतानं असतं. पावडरीत किती पाल्याचं वाळवून किती भरलंय ते डब्यावर धड लिहिलेलं नाही. पावडर चालू होती म्हणून गोळी लागू पडेना. गोळी लागू पडेना म्हणून ती वाढवत गेले. मग पावडर एकदम थांबली, भाज्या आधीच बंद होत्या, आणि वाढवलेली गोळी एकटी राहिली. त्या दिवशी मालकांना जे इंजेक्शन दिलं होतं त्यात तेच जीवनसत्त्व होतं, मोजून थोडंसं. ज्याच्यासाठी मी आठ हजार चारशे मोजले होते ते त्यांनी सुईच्या टोकावर दिलं.

मोठे डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "भाजी बंद करायची नसते. रोज सारखी द्यायची. आज पातेलंभर आणि उद्या काही नाही, असं नको. एक वाटी म्हणजे रोज एक वाटी. आणि नवीन काहीही, पावडर, काढा, दुसऱ्या डॉक्टरची गोळी, सुरू करताना आणि बंद करताना दोन्ही वेळा आम्हाला सांगायचं." मला राग आला तो इथं. हे एवढंच होतं? माप तर मी आयुष्यभर करत आले. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं तेव्हा हे कुणी मला का नाही सांगितलं? कागद दिला होता, तो इंग्रजीत होता, आणि सांगितलं ते जावयांना सांगितलं. स्वयंपाक कोण करतं ते कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मी वाट बघितली होती.

मालक सहाव्या दिवशी उठून बसले. बसल्या बसल्या पहिलं काय बोलले? "गुरुजींचा अपमान केलास तू चारचौघांत."

मी म्हणाले, "तुम्ही मेला असताव."

"तरी पण. पावणं हाय ते."

"मग तुम्ही मान का हलवलीव? रक्त तुमचं जायलं होतं."

ते भिंतीकडं तोंड करून झोपले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी त्यांना वेळेवर गोळी दिली, दुधात साखर घालून दिली, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुझंच खरं होतं." एवढंच. मला ते पुरलं नाही, अजूनही पुरत नाही.

घरी आल्यावर मी मालकांच्या फोनवरून गुरुजींना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोण?"

"जळकोटहून. मी बोलायले. पैसे परत पायजेत. आठ हजार चारशे."

 गुरुजी म्हणाले, "वैनी, कंपनीचे नियम असतात. डबा सीलबंद लागतोय."

"पांडवांसमोर बोललाव तवा कंपनी न्हवती. तुम्ही होताव."

त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवसांनी वन्स आली, रडली. दोन हजार काढून दिले आणि म्हणाली, घरात भांडणं लावलीत तुम्ही. मी चहा केला आणि पैसे घेतले. महिन्यानं कुणाच्या तरी हाती हजार आले. मग काहीच नाही. फोन केला की उचलायचे नाहीत.

ते पैसे मला सोनोग्राफीला हवे होतेच. पण फक्त तेवढ्यासाठी मी मागत नव्हते. पैसे परत येत नव्हते तोवर गावात भज्जीचंच नाव होतं. लोक विचारायचे, "भज्जीनंच झालं न्हवं?" गुरुजी तसंच सांगत फिरत होते. मग मी एक केलं. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायला सुरुवात केली. आवाज बारीकच निघायचा, गिरणी चालू असली तर ऐकू जायचा नाही, म्हणून गिरणी बंद करून सांगायची. "तुमच्या घरी बीपीची, हृदयाची गोळी चालू हाय का? आन् ती हिरवी पावडर हाय का? मग डबा घेऊन डॉक्टरकडं जा. एकदम बंद बी करू नका, चालू बी ठेवू नका. आधी दाखवा." कळलं की आमच्याच गल्लीत चार घरांत ते डबे होते. एका म्हाताऱ्या बाईंना पावडर आणि काढा दोन्ही चालू होतं आणि डॉक्टरला दोन्ही माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा डबा घेऊन उदगीरला गेला. परत आला तो गुरुजींना फोन लावतच आला.

मालकांना मी आता रोज एक वाटी पालेभाजी देते. ती वाटी वेगळी ठेवली आहे, स्टीलची, काठाला चेपलेली. मेथी असो की चुका, वाटी तीच. तीन महिने झाले, आकडा तीनच्या आसपास राहतो. मालक वाटी पुसून खातात. 

गुरुजी काल आले. एकटे. गिरणीच्या दारात उभे राहिले. मालक आत बसले होते, ते उठले नाहीत. गिऱ्हाईक म्हणून दोन बायका बसल्या होत्या. मी गिरणी बंद केली.

"वैनी, माझा धंदा बसवायलाव तुम्ही," ते म्हणाले.

"पैसे आणलाव का?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "पाच हजार चारशे हायत. सगळे. पण मग हे जे काय बायकांना सांगायलाव, ते बंद व्हायला पायजे."

"पैसे माझे हायत," मी म्हणाले. "गप बसायचं तुम्ही वेगळं मागायलाव. ते न्हाई देणार."

बसलेल्या बायकांतली एक खुदकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. गुरुजींनी मालकांकडं बघितलं, मालक नेहमी त्यांच्याकडं बघायचे तसं. मालक म्हणाले, "तिचं काय ते तिलाच इचारा."

गुरुजींनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि वळले.

"थांबा. मोजते."

"इश्वास न्हाई का आमच्यावर?"

"न्हाई," मी म्हणाले.

ते उन्हात उभे राहिले आणि मी मोजले. एकदा मोजले, मग पिठाचा हात पुसून पुन्हा मोजले. पाच हजार चारशे. आधीचे तीन. आठ हजार चारशे पूर्ण झाले.